आधी जागा, मग नाव : जुन्या वस्तू ओळखण्याची रीत

२०२४ च्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा येथे लखुजीराजे जाधवांच्या छत्रीच्या जतनाचे काम चालू होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाच्या पथकाला तिथे काही घडीव दगड दिसले. त्यांचा माग काढत खोदकाम केले तेव्हा एका मंदिराचे जोते लागले. पुढे सभामंडप उघडा झाला, लक्ष्मीची मूर्ती दिसली आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूचे भव्य शिल्प निघाले. त्याची लांबी १.७० मीटर आणि उंची एक मीटर आहे. शेषावर पहुडलेला विष्णू, त्याचे पाय चेपणारी लक्ष्मी, समुद्रमंथनाचा देखावा आणि त्यातून निघालेले अश्व व ऐरावत एवढे सगळे एका पटावर कोरलेले असल्यावर हे शिल्प कोणाचे, याविषयी शंका उरण्याचे कारण नव्हते. शंका उरली ती वेगळ्याच गोष्टीबद्दल. हे शिल्प क्लोराइट शिस्ट या दगडाचे आहे. बुलढाणा जिल्हा दख्खनच्या काळ्या बसाल्टवर वसलेला आहे आणि मराठवाड्यात याआधी सापडलेली शेषशायी शिल्पेही बसाल्टचीच आहेत. क्लोराइट शिस्ट हा मऊसर, बारीक कोरीवकामाला वश होणारा दगड प्रामुख्याने कर्नाटकातल्या होयसळ शिल्पकारांच्या हातचा. मग तो सिंदखेडला आला कसा? मूर्ती तयार होऊन आली, की कोरा दगड आणून इथे घडवला गेला, की कारागीरच दगडासह इकडे आले? शिल्पाचे नाव एका दृष्टिक्षेपात कळले, पण त्याचा प्रवास त्या नावातून कळत नाही.

जुनी, अनोळखी वस्तू समोर आली की आपण पहिला प्रश्न विचारतो तो 'हे काय आहे?' आणि कोणी एखादे नाव सांगितले की समाधान पावतो. खरे म्हणजे एका वस्तूभोवती निदान पाच प्रश्न असतात. ती काय आहे, कशाची केली आहे, कोणी व कधी केली, कशासाठी वापरली आणि जिथे सापडली तिथे कशी पोचली. नाव यांपैकी एकाच प्रश्नाला उत्तर देते, आणि घाईने दिलेले नाव उरलेल्या चारही प्रश्नांची दारे बंद करून टाकते. म्हणून जुन्या वस्तू आणि चित्रे ओळखताना नावाची पाळी सर्वांत शेवटी यावी. आधी जागा पाहावी, मग वस्तूचे अंग तपासावे, मग तिची भावंडे शोधावीत आणि एवढे झाल्यावर जो अंदाज बांधायचा तो असा बांधावा की चुकीचा असेल तर तसे सिद्ध करता येईल. जो अंदाज कोणत्याच पुराव्याने खोटा ठरू शकत नाही, तो कितीही आकर्षक असला तरी आपल्या माहितीत भर घालत नाही. या रीतीचे फायदे आणि ती न पाळल्याचे तोटे दाखवणारी उदाहरणे बुलढाणा जिल्ह्यात आणि त्याच्या शिवेवर भरपूर आहेत.

सिंदखेडच्या शिल्पाचीच गोष्ट पुढे नेऊ. लखुजीराजांचा खून देवगिरीच्या निजामशाही दरबारात १६२९ साली झाला. म्हणजे त्यांची छत्री त्यानंतरची. मंदिराचे अवशेष छत्रीच्या परिसरात जमिनीखाली गाडलेले निघाले. थर हे असे साक्षीदार आहेत की खालचा थर वरच्याहून जुना, एवढे ते कोणाच्याही सांगण्यावाचून सांगतात. हेच शिल्प एखाद्या शेताच्या बांधावर किंवा व्यापाऱ्याच्या दुकानात आढळले असते, तर त्याच्या सौंदर्यात काडीचाही फरक पडला नसता. मात्र सभामंडप, जोते, खोली, शेजारची लक्ष्मी हे सारे हरवले असते आणि 'कुठल्यातरी मंदिरातले एक विष्णुशिल्प' यापुढे आपल्याला जाता आले नसते. दगडाबाबतच्या तिन्ही शक्यताही तपासता येण्याजोग्या आहेत. दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातली खनिजे कर्नाटकातल्या खाणींशी ताडता येतात. शिल्प इथे घडले असेल तर त्याच दगडाच्या कपच्या आसपासच्या मातीत मिळायला हव्यात. दागिन्यांची, मुकुटाची, चेहऱ्याची घडण शेजारच्या मंदिरांतल्या बसाल्टच्या मूर्तींशी जुळली तर स्थानिक हात संभवतो, होयसळ मंदिरांशी जुळली तर पाहुणा हात. दगड दक्षिणेचा म्हणून शिल्पकारही दक्षिणेचाच, असे म्हणणे ही एक पायरी गाळून केलेली उडी ठरेल. या भागावर सत्ता असलेले यादव आणि दक्षिणेकडचे होयसळ यांची राज्ये एकमेकांना लागून होती आणि एकमेकांशी लढत होती. अशा शेजाऱ्यांमध्ये माणसे, माल आणि कला तिन्ही ये-जा करतात, आणि प्रत्येकाची वाट वेगळी असू शकते.

देवमूर्ती ओळखणे तुलनेने सोपे, कारण तिथे एक लिखित व्याकरण उपलब्ध आहे. मेहकरच्या शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीखालून बाहेर आली. भक्तांसाठी ती बालाजी आहे आणि मूर्तिशास्त्राचा अभ्यासक तिच्याकडे उभ्या, चार हातांच्या विष्णूची मूर्ती म्हणून पाहतो. विष्णूच्या हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म असतात. चार हात आणि चार आयुधे यांच्या अदलाबदलीतून बरोबर चोवीस मांडण्या होतात. चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, इतका साधा हिशेब. संध्येत म्हटली जाणारी केशव, नारायण, माधव, गोविंद ही चोवीस नावे याच चोवीस मांडण्यांना दिलेली आहेत. क्रम मोजायचा तो खालच्या उजव्या हातापासून, मग वरचा उजवा, वरचा डावा आणि शेवटी खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला तर केशव. पद्म, गदा, चक्र, शंख असा लागला तर त्रिविक्रम. ही कसोटी कोणालाही लावता येते, तिला विद्वत्तेचा परवाना लागत नाही. गाभाऱ्यासमोर उभा असलेला कोणताही भाविक वस्त्रालंकारांतून आयुधे दिसत असतील तर स्वतः मूर्तीचे रूप ठरवू शकतो आणि दुसऱ्याने ठरवलेले तपासूही शकतो. चांगल्या ओळखीचे हेच लक्षण आहे की ती पडताळण्याचा मार्ग ओळख सांगणाऱ्याबरोबर संपत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पुराणांतल्या आणि शिल्पग्रंथांतल्या याद्या सगळ्या एकसारख्या नाहीत. पद्मपुराण, अग्निपुराण आणि 'रूपमंडन' हा ग्रंथ यांच्यात काही रूपांबाबत मतभेद आहेत. शिवाय शिल्पकाराने ग्रंथ पाळलाच असेल, याची हमी कोण देणार? पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष 'व्याकरण निरुपयोगी आहे' असा होत नाही. निष्कर्ष असा की नोंद करताना आधी आयुधांचा क्रम लिहावा आणि त्यानंतर, अमुक ग्रंथाप्रमाणे अमुक रूप, असे म्हणावे. क्रम ही पाहणी झाली, नाव हा तिच्यावर बेतलेला अर्थ. उद्या दुसरा ग्रंथ अधिक लागू ठरला तर अर्थ बदलेल, पाहणी तशीच उपयोगी राहील. नुसते 'त्रिविक्रमाची मूर्ती' एवढेच लिहून ठेवले आणि मूर्ती पुढे चोरीला गेली किंवा झिजली, तर पुढच्या अभ्यासकाला पुन्हा विचार करायला काही उरत नाही.

जिथे ग्रंथ नाही, तिथे काय करायचे? जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर आणि अडगळीच्या खोल्यांत निघणाऱ्या बहुतेक वस्तूंना कोणतेही शास्त्र नव्हते, त्यांचा वापर हेच त्यांचे शास्त्र. समजा, अर्धगोल आकाराचे एक तांब्याचे भांडे मिळाले आणि त्याच्या तळाशी मधोमध एक बारीक छिद्र आहे. दोन अंदाज लगेच सुचतात. एक, हे महादेवाच्या पिंडीवर टांगायचे अभिषेकपात्र, म्हणजे गळती. दुसरा, हे वेळ मोजायचे घटिकापात्र. दोन्ही अंदाजांना छिद्र सारखेच लागू पडते, तेव्हा छिद्राकडे बोट दाखवून वाद सुटणार नाही. पण दोन्ही अंदाज पुढे वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. गळती टांगायची असते, तर तिच्या काठाला साखळीसाठी कड्या किंवा भोके हवीत आणि तिथे साखळीने झिजलेल्या खुणा हव्यात. घटिकापात्र पाण्यावर तरंगते आणि खालून हळूहळू भरत जाऊन बुडते. म्हणून त्याचा पत्रा हलका, काठ सपाट आणि तोल अचूक हवा. मुख्य म्हणजे एका घटिकेत, चोवीस मिनिटांत, ते बुडायला हवे. दिवसाच्या साठ घटिका याच मापाने मोजत आणि लग्नाचा मुहूर्तही असाच साधत. घंगाळात पाणी घेऊन भांडे सोडले आणि हातात घड्याळ धरले की निकाल लागतो. छिद्र क्षाराने बुजले असेल किंवा घासून मोठे झाले असेल तर वेळ थोडी पुढेमागे होईल, हे धरून चालावे. मात्र तीन मिनिटांत बुडणाऱ्या भांड्याला घटिकापात्र म्हणत राहणे हा केवळ हट्ट ठरेल.

वापराच्या कसोटीला जोड मिळते ती भावंडांची. एकटे लाकडी किंवा पितळी मापटे पाहिले तर ते पाणी पिण्याचे भांडे वाटू शकते. त्याच घरात त्याच घडणीची लहानमोठी चार भांडी सापडली आणि लहान भांडे दोनदा ओतल्यावर मोठे काठोकाठ भरले, की शंका फिटते. दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे पायली, ही दुपटी-चौपटीची साखळी धान्याच्या मापांचीच. कापसाच्या अवजारांचेही असेच. खामगावला १८७० मध्ये रेल्वेचा फाटा आला तो मुख्यतः तिथल्या कापसाच्या बाजारासाठी. जिनिंगच्या यंत्रांनी सरकी काढायला सुरुवात केल्यावर दोन लाटण्यांमधून कापूस ओढणारा घरगुती रेचा आणि पिंजाऱ्याची धनुकली कामातून गेली. सुट्ट्या पडलेल्या रेच्याची एक लाट आज कोणाच्या हाती लागली तर ती पोळपाटाजवळची की उसाच्या चरकाची, हे एकट्या लाटेवरून सांगता येणार नाही. दांड्याला लागणारी खाच, दुसऱ्या लाटेशी घासून पडलेले वळ आणि सांध्यात अडकलेला एखादा तंतू हे तिचे खरे सांगाती. म्हणून वस्तू मिळाल्याबरोबर ती चिंचेने घासून लख्ख करणे हा तिच्यावरचा सर्वांत मोठा अन्याय आहे. काजळी, तेलाचा थर, पिठाची पुटे आणि झीज यांना आपण मळ समजतो, पण तिच्या आयुष्याची साक्ष त्यांच्यातच असते.

जागेचे महत्त्व किती, हे संग्रामपूर तालुक्यातल्या भोन या गावाने दाखवले. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या या पांढरीच्या टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या बी. सी. देवतारे यांच्या पथकाने २००२ नंतरच्या काही वर्षांत उत्खनन केले. तिथे विटांचा प्राचीन स्तूप, कालव्याचे अवशेष आणि भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या अनेक कडेविहिरी आढळल्या. भाजक्या मातीचे एक सुटे कडे नांगराला लागून वर आले तर ते रांजणाचा काठ म्हणून सहज टाकून दिले जाईल. तेच कडे दुसऱ्या कड्यावर बसलेले, जमिनीत उभे उतरलेले दिसले की विहीर समजते. पण विहीर कशासाठी? भारतभर अशा कडेविहिरींविषयी दोन मते चालत आली आहेत. काही अभ्यासक त्यांना पिण्याच्या पाण्याच्या विहिरी मानतात, तर काही सांडपाणी मुरवण्याचे शोषखड्डे. भोन ज्या पट्ट्यात आहे तो खारपाणपट्टा, जिथे भूजल खारट लागते. त्यामुळे उथळ थरातले गोडे पाणी मिळवण्याची ही युक्ती असावी, असा अंदाज मनाला पटतो. पटणे वेगळे आणि ठरणे वेगळे. तळ त्या काळच्या पाण्याच्या पातळीपर्यंत पोचतो का, तळाशी पाणी शेंदताना फुटलेल्या मडक्यांचे तुकडे आहेत की राख, हाडे आणि उष्टेखरकटे, मातीत मलमूत्र व सांडपाण्याने वाढणारे फॉस्फेटचे प्रमाण किती, विहीर चुलीजवळ आहे की गटाराच्या तोंडाशी, हे प्रत्येक विहिरीपाशी पाहावे लागते. एकाच गावात दोन्ही प्रकार असू शकतात, आणि पाणी आटल्यावर विहिरीचाच पुढे शोषखड्डा झालेला असू शकतो. यातले एकही उत्तर कडे उचलून संग्रहालयात नेल्यावर मिळत नाही. भोनचे हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रात येते, म्हणून तिथल्या प्रत्येक नोंदीचे मोल आणखी वाढते. वस्तू हलवता येतात, जागा हलवता येत नाही.

ओळखीच्या कामात सर्वांत मोठा मोह असतो तो प्रसिद्ध नावाचा. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून बांधलेले कोणतेही जुने देऊळ दिसले की आपण ते 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरापासून साकेगाव, कोथळी, सातगावच्या देवळांपर्यंत हा एकच शिक्का मारला जातो. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा आहे. हेमाद्री मंत्री होण्याच्या सुमारे दोन शतके आधी ही बांधणी पूर्णत्वाला पोचली होती. तरीही एका नावाच्या वजनाखाली तीन शतकांतली देवळे एकाच मापाने मोजली जातात, आणि कोणते आधीचे, कोणते नंतरचे, कोणते शिलाहारांचे आणि कोणते यादवांचे, हे विचारायचेच राहून जाते. हेमाडपंती हा शब्द बांधणीची तऱ्हा सांगण्यापुरता वापरला तर चालेल. तो कर्त्याचे आणि काळाचे नाव म्हणून वापरला की चूक सुरू होते.

याच्या उलट टोकाला आहेत गावाच्या वेशीवरचे अनाम दगड. विदर्भ-मराठवाड्यात शेंदूर माखलेले कित्येक चौकोनी पाषाण मारुती, म्हसोबा किंवा खंडोबा म्हणून पुजले जातात. त्यांतले अनेक वीरगळ असतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळच्या चौकटीत लढाई किंवा गाईंच्या सुटकेसाठी झुंजणारा वीर, कधी त्याचे आडवे पडलेले शरीर. मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर, कीर्ती चिरकाल टिकावी म्हणून, चंद्र-सूर्य. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. कोणी म्हणेल की लोक ज्याला मारुती म्हणतात त्याला वीरगळ ठरवून साधायचे काय? श्रद्धा दुखावण्यापलीकडे त्यातून काय मिळणार? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आधी हे कबूल केले पाहिजे की ते दगड आज जागेवर उभे आहेत ते शेंदरामुळेच. ज्यांना कोणी देव मानले नाही, ते पायऱ्यांना आणि पुलांच्या मोऱ्यांना लागून गेले. आजची पूजा हासुद्धा त्या दगडाच्या इतिहासाचाच एक भाग आहे आणि अभ्यासकाने त्याची नोंद तितक्याच आदराने घ्यावी. पण त्याच दगडावर त्या गावासाठी मेलेल्या, कोणत्याही बखरीत नाव नसलेल्या माणसाची एकमेव आठवण कोरलेली आहे. गावाला तीही कळण्याचा हक्क आहे. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. शेंदूर खरवडायचा नाही, दगड हलवायचा नाही, तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यायचे, चौकटी मोजून लिहायच्या आणि ती माहिती गावालाच परत द्यायची.

चित्रांच्या बाबतीत प्रसिद्ध नावाचा मोह आणखी जोर धरतो, कारण चित्रातले चेहरे आपल्याकडे पाहत असतात. बुलढाणा शहर ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे, तिच्याच कुशीत शेजारच्या जिल्ह्यात अजिंठ्याची लेणी आहेत. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात सिंहासनावर बसलेला एक राजा आणि त्याला नजराणे देणारे टोकदार टोप्यांचे, दाढीवाले परदेशी असा देखावा रंगवलेला आहे. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये मांडले की हा राजा म्हणजे चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी आणि ते परदेशी म्हणजे इराणच्या दुसऱ्या खुस्रोचे वकील. अंदाज बिनबुडाचा नव्हता. खुस्रो आणि एका भारतीय राजाच्या पत्रव्यवहाराचा उल्लेख अरबीत लिहिणारा इतिहासकार तबरी याने केलेला आहे, आणि चित्रातला पोशाख इराणी धाटणीचा आहे. ही ओळख पाठ्यपुस्तकांत शिरली आणि पिढ्यान् पिढ्या टिकली. मात्र तिने एक अट न बोलता मान्य करून घेतली होती, ती म्हणजे चित्र सातव्या शतकातले असले पाहिजे. वॉल्टर स्पिंक यांनी लेण्यांचा क्रम, अर्धवट राहिलेली कामे आणि शिलालेख यांची छाननी करून दाखवले की महायान काळातली लेणी मुख्यतः वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे बुलढाण्याला लागून असलेले आजचे वाशीम. मग पुलकेशीच्या जन्माच्या कितीतरी आधी त्याचा दरबार रंगवला गेला, असे म्हणावे लागेल. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी हे दृश्य महासुदर्शन राजाच्या बौद्ध कथेशी जोडले. विहाराच्या भिंतींवर जिथे मुख्यतः बौद्ध कथा रंगवल्या आहेत, तिथे हेही दृश्य कथेतलेच असणार, हा विचार जागेकडे पाहून सुचतो. परदेशी पाहुणे चित्रात का आले, याचेही उत्तर मग सोपे होते. चित्रकारांनी व्यापारी वाटांवर असे लोक पाहिलेले होते आणि चक्रवर्ती राजाचा दरबार दाखवताना ते तिथे बसवले.

ओळख बदलल्याने चित्राचे वजन कमी झाले का? एका विशिष्ट वकिलातीचे चित्र म्हणून ते गेले. त्याच्या बदल्यात पाचव्या शतकातल्या विदर्भ-मराठवाड्याच्या वाटांवर इराणी वेशातली माणसे ओळखीची होती, हा अधिक व्यापक पुरावा हाती आला. नाव सुटले आणि माहिती वाढली, असे या क्षेत्रात वारंवार घडते. फर्ग्युसन चुकले म्हणून त्यांचा अंदाज वाया गेला असेही नाही. त्यांनी व्यक्ती, घटना आणि काळ स्पष्ट सांगितल्यामुळेच तो तपासता आला. 'हे कोणत्यातरी राजाचे चित्र आहे' असे मोघम म्हणणारा कधी चुकत नाही, पण त्याच्या म्हणण्याने कोणी एक पाऊलही पुढे जात नाही.

अशाच नेमक्या चुकीचे सर्वांत सुंदर उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या कोड्यात, लोणारच्या सरोवरात, गुंतलेले आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे गोल विवर काय आहे, याचे अंदाज शतकानुशतके बांधले गेले. पुराणकथेने सांगितले की लवणासुर इथे भूमीखाली दडला होता आणि विष्णूने त्याच्या बिळावरचे झाकण उडवून त्याचा वध केला. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'मध्ये इथल्या काच आणि साबणाला लागणाऱ्या द्रव्याची नोंद केली. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराचे वेगळेपण नोंदवले. पुढे भूशास्त्रज्ञांनी त्याला ज्वालामुखीचे मुख मानले, आणि सभोवार सगळा खडक ज्वालामुखीतून निघालेला असल्यामुळे ते साहजिकही होते. १८९६ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने अॅरिझोनातल्या अशाच विवराची चर्चा करताना लोणारचे साम्य टिपले. त्याच्या निबंधाचा विषयच अंदाज कसे जन्मतात आणि कसे पारखावेत हा होता. विवर उल्कापाताने झाले असेल तर खाली लोखंडी उल्का गाडलेली असणार. म्हणजे होकायंत्र विचलित व्हायला हवे आणि काठावर साचलेला राडारोडा विवरात मावण्यापेक्षा जास्त भरायला हवा, अशा दोन कसोट्या त्याने लावल्या. दोन्हींचे उत्तर नाही आले आणि त्याने वाफेच्या स्फोटाचा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष चुकला, कारण प्रचंड वेगाने आदळणारी उल्का विवरापेक्षा फार लहान असते आणि आदळताना तिचा बहुतेक भाग चुरा आणि वाफ होऊन जातो, हे त्या काळी माहीत नव्हते. पण कसोट्या कागदावर असल्यामुळे कोणते गृहीतक बदलले की निकाल बदलतो, हे पुढच्यांना नेमके कळले. लोणारचा निकाल लागला तो विवरात वेधछिद्रे घेतल्यावर. प्रचंड दाबाच्या धक्क्याशिवाय न बनणारे मॅस्केलिनाइट आणि काचेचे सूक्ष्म गोळे तिथे आढळले आणि १९७३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. लाव्हा कितीही तापला तरी असा धक्का देऊ शकत नाही. ओळख पटली तरी वयाचा प्रश्न उघडा आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, दुसऱ्या पद्धतीने साडेपाच लाखांहून अधिक. नाव ठरले की सगळे ठरले असे होत नाही, याचा हा आणखी एक दाखला.

इथे पुराणकथेवर अन्याय करू नये. लवणासुर हा भूशास्त्राचा पुरावा ठरत नाही, हे खरेच. पण पाणी खारे आहे, खड्डा आजूबाजूच्या प्रदेशाला साजेसा नाही आणि त्याच्यामागे काहीतरी प्रचंड, हिंसक घटना असली पाहिजे, ही तिन्ही निरीक्षणे त्या कथेत शाबूत आहेत. विवराकाठच्या लोकांनी तिथले क्षार वेगवेगळे ओळखून त्यांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे दिली आणि त्यांचे उपयोग ठरवले. स्थानिक स्मृती निष्कर्ष म्हणून घेतली तर फसवते आणि निरीक्षण म्हणून घेतली तर वाट दाखवते. म्हणून वस्तूबद्दल गावात काय म्हणतात, हेही नोंदीत असावे, मात्र मोजमापाच्या शेजारी, त्याच्या जागी नव्हे.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे. हे सगळे तज्ज्ञांचे काम, शेतकऱ्याने, शिक्षकाने किंवा वाड्याच्या वारसाने यात काय करावे? उत्तर असे की निर्णायक पुरावा बहुतेक वेळा तज्ज्ञ पोचण्याआधीच नष्ट होतो, आणि तो वाचवणे फक्त पहिल्यांदा पाहणाऱ्याच्याच हाती असते. वस्तू दिसली तिथेच राहू द्यावी. शेजारी मोजपट्टी ठेवून सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. खोली, दिशा, मातीचा रंग आणि शेजारी काय होते ते त्याच दिवशी लिहावे. धुऊ नये, घासू नये, रंगवू नये. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या दडलेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. जुने कौटुंबिक छायाचित्र असेल तर मागच्या बाजूचा शिक्का, स्टुडिओचे नाव, पोशाख आणि कोणाच्या पेटीत ते मिळाले, हे आजी-आजोबा हयात असतानाच लिहून ठेवावे. एवढे केले आणि वस्तूचे नाव मात्र कधीच कळले नाही, तरी काम वाया गेले असे समजू नये. 'ओळख अनिश्चित' असे लिहिलेली नीट नोंद ही आत्मविश्वासाने दिलेल्या चुकीच्या नावापेक्षा कितीतरी मोलाची आहे, कारण तिच्यावर पुढच्या माणसाला काम करता येते. सिंदखेडच्या विष्णूला ओळखायला क्षण पुरला, लोणारला ओळखायला दीड शतक लागले आणि भोनच्या प्रत्येक विहिरीपाशी प्रश्न नव्याने विचारावा लागतो. तिन्ही ठिकाणी निर्णायक ठरणारा पुरावा जागेवर राहिला म्हणूनच उपयोगी पडला. बुलढाण्याच्या शेतांत, बारवांत आणि माळ्यांवर अजून कितीतरी असे पुरावे आहेत, आणि त्यांचे नाव कधीतरी कळावे अशी इच्छा असेल, तर आज त्यांची जागा लिहून ठेवणे हे आपले पहिले कर्तव्य आहे.